ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय, कोणी गेलंय का? (बे एरिया, कॅलिफोर्निया)

शेवंतीची_वेणी
मंडळी, परवा जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पाकीट आलं, मी फेकायलाच निघाले होते तर वर कोर्टाचा शिक्का. ज्युरी समन्स! म्हणजे खटला ऐकून कौल द्यायला साध्या नागरिकांना बोलावतात ते. सिटिझनशिप होऊन जेमतेम वर्ष झालंय, एकदा मत काय दिलं आणि लगेच पकडलं. ऑफिसात पुढच्या महिन्यात माझ्या प्रोजेक्टचा रिलीज आहे, त्यात साताऱ्याहून सासू-सासरे आलेत आणि मॅनेजर म्हणतो "बघ ना, काही करून टाळता येतं का". सासरे म्हणाले शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हटलं बाबा, इथे नाही चढलं तर १५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो असं छापलंय. त्यावर ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग चढ."
कोणी गेलंय का खरंच? काय विचारतात? दिवसभर बसवून ठेवतात का? आणि डबा नेता येतो का?

टवाळ_पोपट
सोपं आहे. जज्जने विचारलं की म्हण "मला चेहरा बघूनच कळतं कोण गुन्हेगार आहे". संध्याकाळच्या चहाला घरी.

हिंगाचा_खडा
@टवाळ, असलं काही शिकवू नका हो. शपथेवर खोटं बोलणं अंगाशी येऊ शकतं आणि जज्ज लोकांनी असली सोंगं दिवसाला पन्नास बघितलेली असतात. माझ्यासमोर एकाने "माझा पोलिसांवर अजिबात विश्वास नाही" असं ठोकून दिलं, तर जज्जने त्याला पंधरा मिनिटं सगळ्यांसमोर खोदून खोदून विचारलं आणि मग सोडलंच नाही, शेवटपर्यंत हॉलमध्ये बसवून ठेवलं.
वेणी, मी तुझ्याच बाजूची, दोनदा जाऊन आले. कॅलिफोर्नियात 'एक दिवस किंवा एक खटला' अशी पद्धत आहे, म्हणजे पहिल्या दिवशी कुठल्या खटल्यावर नाव नाही लागलं तर सुटलीस, निदान वर्षभर परत बोलावत नाहीत. समन्सवर ग्रुप नंबर असेल बघ, आदल्या दिवशी संध्याकाळी वेबसाइटवर बघायचं की उद्या यायचंय की नाही. बऱ्याच वेळा आठवडाभर रोज बघत बसतो आणि बोलावतच नाहीत. रिलीज अडचणीत असेल तर एकदा पुढे ढकलता येतं, ऑनलाइनच होतं, मॅनेजरला सांग ढकललंय म्हणून. तो तुला यावरून काढू शकत नाही, कायद्यानेच. पगार द्यायलाच पाहिजे असं मात्र नाही, ते कंपनीच्या पॉलिसीवर. कोर्टाचे पैसे दुसऱ्या दिवसापासून, रोजचे १५ डॉलर :) पार्किंग वेगळं.
डबा ने. खालच्या कॅफेटेरियात काही मिळेल या भरवशावर राहू नकोस.

राजाभाऊ_जर्सीवाले
१५ डॉलर?? श्रीमंत आहात. आमच्या न्यू जर्सीत रोजचे ५ डॉलर, चौथ्या दिवसापासून ४०. पाच डॉलरात हल्ली इथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर धड समोसा चाट येत नाही.
मी ग्रँड ज्युरीवर होतो. लोकांना वाटतं सगळी ज्युरी एकच, तसं नाही. नेहमीची ज्युरी खटला ऐकून दोषी की निर्दोष सांगते, ग्रँड ज्युरी फक्त एवढंच ठरवते की खटला उभा करण्याएवढा पुरावा आहे की नाही. आम्ही २३ जण, आठवड्यातून एक दिवस, असे कित्येक आठवडे. आरोपी नसतो, आरोपीचा वकील नसतो, जज्जही खोलीत नसतो, नुसता सरकारी वकील येतो, साक्षीदार आणतो आणि मग आम्ही हात वर करायचे. १२ हात पुरतात. सकाळपासून दुपारपर्यंत किती केसेस हातावेगळ्या व्हायच्या ते बघून पहिल्या दिवशी मी हादरलो होतो. एक हात वर आणि समोरच्याचं आयुष्य वर्षभर कोर्टात. आणखी सांगण्यासारखं पुष्कळ आहे पण ग्रँड ज्युरीत काय झालं ते गुप्त, त्यामुळे इथेच थांबतो. बायको अजून विचारते.

चिंच_गूळ
मला ग्रीन कार्डवर असताना आलं होतं समन्स! घाबरून दोन रात्री झोप नाही. आता काय करायचं असतं अशा वेळी?

हिंगाचा_खडा
@चिंच_गूळ, सिटिझन नाही या चौकोनात खूण करून परत पाठवायचं, बास. नावं फक्त मतदार यादीतून नाही घेत, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही घेतात म्हणून ग्रीन कार्डवाल्यांना, एच-वनवाल्यांनासुद्धा येतं. फक्त दोन गोष्टी. एक, दुर्लक्ष करायचं नाही, उत्तर द्यायचंच. दोन, आपलं नाव चुकून मतदार यादीत तर नाही ना हे बघून घ्यायचं, लायसन्स काढताना घाईत कुठेतरी टिक होऊन जाते आणि ती नंतर सिटिझनशिपच्या वेळी फार महाग पडू शकते.

लंडनची_वैनी
अमेरिकावाल्यांनो, तुमचं बरंय, "सिटिझन नाही" म्हणून सुटता. इथे इंग्लंडात मी भारतीय पासपोर्टवर ज्युरीत बसलेय! कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं आणि मतदार यादीतूनच ज्युरीची नावं काढतात, १८ ते ७५ वय आणि पाच वर्षं इथे राहिलेलं असलं की झालं. मला वाटलं काहीतरी चूक आहे, फोन करून विचारलं, तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली चूक नाही, दहा कामाचे दिवस मोकळे ठेवा.
गीतेवर हात ठेवून शपथ घेता येते का विचारलं तर हो म्हणाले, पण मग मी साधं प्रतिज्ञेवर घेतलं, म्हटलं उगाच देवाला साक्षीला कशाला बोलवा. केस कसली होती, आत काय बोलणं झालं ते विचारू नका. निकाल लागून गेला तरी खोलीतलं बोलणं बाहेर सांगणं इथे गुन्हा आहे, जन्मभरासाठी. तुमच्याकडे ज्युरीतले लोक टीव्हीवर मुलाखती देतात ते बघून मला चक्कर येते. आणि खटला चालू असताना घरी येऊन गूगल केलंत तर तोही गुन्हा, तुरुंगात गेलेत लोक.

शेवंतीची_वेणी
बाप रे, एवढे प्रतिसाद! पुढे ढकलत नाहीये, मॅनेजरला सांगून टाकलं. सासूबाई मला कोर्टात काय घालून जाणार ते विचारतायत. त्यांना काळा कोट माझ्याही अंगावर असणार असं वाटतंय.

बटाटेवडा_एक्स्प्रेस
पर्स रिकामी करून जा गं. आमच्या आईला (सिटिझन, वय ६८, टेक्सास) बोलावलं होतं, सिक्युरिटीच्या मशीनमध्ये पर्स गेली आणि सगळं थांबलं. काय निघालं? अडकित्ता. पितळी, मोराच्या तोंडाचा. तो गार्ड उलटसुलट करून बघतोय, आई त्याला हाताने सुपारी कातरून दाखवतेय. शेवटी गाडीत नेऊन ठेवला. नंतर जज्जने इंग्रजी कितपत कळतं विचारलं तर म्हणाली "युवर ऑनर, आय अंडरस्टँड, बट आय ट्रान्सलेट फर्स्ट". सोडलं तिला. वर मिळाले २० डॉलर, पूर्वी टेक्सासात पहिल्या दिवसाचे ६ असायचे, २०२३ पासून वाढवलेत. त्याचे तिने देवळात पेढे दिले.

टवाळ_पोपट
अडकित्ता :)) :)) कोर्टाने जप्त केला असता तर एक्झिबिट ए.

डेक्कन_क्वीन_२
मला एक कळत नाही. कायद्याचा क न कळणारे बारा जण रस्त्यावरून पकडून आणायचे, पंधरा डॉलर द्यायचे आणि कुणाला वीस वर्षं आत टाकायचं ते ठरवायला सांगायचं. ही लॉटरी झाली. आपल्याकडे हे बंद केलं तेच बरं केलं. नानावटी केसमध्ये (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा तो नौदल अधिकारी) काय दिवे लावले ज्युरीने ते माहितीच आहे.

दादरकर_वकील
नानावटीचं नाव निघालं की राहवत नाही, थोडं लांबेल. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल दिला, सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली तो भाग वेगळा. पण "ही देशातली शेवटची ज्युरी केस आणि तिच्यामुळेच ज्युरी बंद झाली" असं जे सगळीकडे लिहितात ते खरं नाही. नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती, कलकत्त्याला तर पुढे बरीच वर्षं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी ठेवलीच नाही, तेव्हा ती खऱ्या अर्थाने गेली.
आणि तरीही पूर्ण गेली नाही! पारशी लोकांचे घटस्फोटाचे दावे अजूनही पारशी मॅट्रिमोनियल कोर्टात चालतात आणि तिथे न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच 'डेलिगेट' बसतात. मुंबईत हे हायकोर्टातच भरतं.
मला विचाराल तर आपल्यासाठी ज्युरीची खरी गोष्ट नानावटीची नाही, टिळकांची आहे. १९०८ चा राजद्रोहाचा खटला, न्यायमूर्ती दावर, ज्युरी नऊ जणांची. सात युरोपियन, दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठीतले, आणि ज्युरीसमोर इंग्रजी भाषांतरं. टिळक स्वतःच स्वतःचे वकील, २१ तासांच्या वर बोलले, त्यातला कितीतरी वेळ या शब्दाचं भाषांतर असं नाही तसं होतं हे सांगण्यात गेला. कौल ७ विरुद्ध २, दोषी. सहा वर्षं मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचं म्हणणं आज त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे.

डेक्कन_क्वीन_२
म्हणजे माझाच मुद्दा की!

दादरकर_वकील
नाही ताई. मुद्दा हा की ती ज्युरी 'आपल्यातल्यांची' नव्हती. आता अमेरिकेत शेवंतीताईंसारख्या बाईला बोलावतात म्हणजे उद्या एखादा मराठी माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात असेल तर समोरच्या बारा जणांत कुणीतरी असं असू शकेल ज्याला तो काय बोलतोय ते भाषांतराशिवाय कळेल.

हिंगाचा_खडा
@दादरकर, शेवटच्या वाक्याबद्दल थोडं. इथे तसं चालत नाही हो. दुभाषा असेल तर तुम्हाला ती भाषा येत असली तरी दुभाष्याने जे इंग्रजीत सांगितलं तेच धरायचं, कारण बाकी अकरांनी तेच ऐकलेलं असतं. स्पॅनिश येणाऱ्यांना हे आधीच बजावतात. बाकी पोस्ट एक नंबर.

दादरकर_वकील
हे माहीत नव्हतं. म्हणजे टिळकांचं भाषांतराचं दुखणं तिथेही आहेच म्हणायचं.

राजाभाऊ_जर्सीवाले
अवांतर पण महत्त्वाचं: फोन येतो, "तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा". मागे पोलिस स्टेशनसारखे आवाज पण. सगळं बोगस. कोर्ट टपालाने कळवतं, फोनवर पैसे मागत नाही. आमच्या मंडळातले एक काका अर्धे पैसे भरून बसले होते. घरी आलेल्या आईवडिलांना सांगून ठेवा.

शेवंतीची_वेणी
अपडेट. मी ज्युरीत आहे!!! म्हणजे आहे आणि नाही. खटला चालू आहे त्यामुळे काहीही लिहिता येणार नाही, हा धागाही आता वाचणार नाही, कृपया कुणी अंदाज बांधू नका. संपला की येते.

टवाळ_पोपट
"आहे आणि नाही" म्हणजे काय? श्रोडिंगरची ज्युरी? मी चिवडा घेऊन बसलोय.

बटाटेवडा_एक्स्प्रेस
काय हो, कुणी सांगा तिला संपला का ते.

शेवंतीची_वेणी
आले! संपलं, आता बोलायला मोकळी आहे, जज्जनेच सांगितलं. मोठं होणार आहे, चहा घ्या.
तर पहिल्या दिवशी सकाळी आठला मोठ्या हॉलमध्ये दोनेकशे लोक. एक व्हिडिओ दाखवला, तुम्ही लोकशाहीचा कणा वगैरे. मग तास-दीड तास काही नाही. शेजारचा पोरगा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, समोरची बाई विणतेय. अकराला आम्हा साठेक जणांना वर कोर्टरूममध्ये नेलं. आधी जज्जने विचारलं कुणाला खरोखर अडचण आहे का. घरी लहान बाळ, रोजंदारी, ऑपरेशन वगैरे ऐकून पंधरा-वीस जणांना सोडलं. "ऑफिसात रिलीज आहे" ही अडचण नाही हे माझ्या आधीच्या माणसाला सांगितलं, त्यामुळे माझा हात वर गेलाच नाही.
मग प्रश्न. केस दारू पिऊन गाडी चालवल्याची. तुमच्या घरात कुणाला असा अपघात, कुणाला अटक, पोलिसात नातेवाईक, सगळं विचारतात, आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं. एका आजोबांनी मुलगा गेल्याचं सांगितलं तेव्हा जज्ज पण थोडा वेळ गप्प होते, मग थँक्यू म्हणून सोडलं त्यांना. माझी पाळी आली. दारू घेता का? नाही. कधीच? नाही. धार्मिक कारण? आता आमचं सासर माळकरी, सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला बंद, हे अमेरिकन कोर्टात कसं सांगायचं? म्हटलं, "माय फादर-इन-लॉ वेअर्स बीड्स." आरोपीच्या वकिलीणबाई पुढे आल्या, म्हणाल्या म्हणजे दोन बिअर पिणारा माणूस तुम्हाला गुन्हेगार वाटतो का? मी म्हटलं अजिबात नाही, माझा नवरा पितो, फक्त ते बीड्सवाल्यांना माहीत नाही. सगळं कोर्ट हसलं. (सासरे हा धागा वाचत नाहीत. वाचत असतील तर बाबा, सॉरी.)
मला वाटलं गेले मी आता घरी. दोन्ही बाजूंना कारण न देता काही लोक काढता येतात, पटापट लोक जात होते, बारा पूर्ण झाले आणि मग माझं नाव घेतलं: आल्टरनेट नंबर एक. म्हणजे तेरावी. बाराजणांतलं कुणी आजारी पडलं तर मी. बसायचं सगळ्यांबरोबर, ऐकायचं सगळं, नोट्स काढायच्या, पण ठरवायच्या वेळी बाहेर. घरात लग्न असावं आणि आपण मांडवाच्या दारात उभं राहून आलेल्यांना गुलाबपाणी शिंपडावं तसं.
साक्षी दोन दिवस चालल्या. माणूस चाळिशीचा, रात्री पोलिसांनी अडवलं, गाडी लेनमध्ये जरा डुलत होती. रक्त घेतलं साधारण तास-सव्वातासाने, त्यातल्या दारूच्या प्रमाणाचा आकडा ०.०९. मर्यादा ०.०८. मला वाटलं झालं, संपलं की, यात काय खटला. पण वकिलीणबाईंनी लॅबच्या तज्ज्ञाला धरलं. दारू पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, शेवटचा ग्लास निघतानाच प्यायला असेल तर गाडी चालवत असताना आकडा अजून चढत असेल, म्हणजे तेव्हा ०.०८ च्या खाली असू शकेल की नाही? तज्ज्ञ म्हणाला, असू शकेल. मग सरकारी वकील उठले, तीन तासांच्या आत टेस्ट झाली तर चालवतानाही तेवढंच होतं असं धरायला कायदा परवानगी देतो. पण धरलंच पाहिजे असं नाही. मी वहीत ०.०९ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
घरी यायचे आणि गप्प. नवरा जेवताना डोळ्यांनी विचारतोय. सासूबाई म्हणाल्या एवढं काय गुपित, आम्ही काय कुणाला सांगणार आहोत. तीन रात्री मी एकटीच मनात खटला चालवत होते.
शेवटी जज्जनी सूचना वाचून दाखवल्या, नुसतं "वाटतं" चालणार नाही, टिकून राहील अशी खात्री हवी. बारा जण आत गेले. मी आणि दुसरा आल्टरनेट, एक रिटायर्ड पोस्टमन, बाहेर बाकावर. केसबद्दल एकमेकांशीही बोलायचं नाही! तर आम्ही दुपारभर टोमॅटोवर बोललो. तो अठरा जातींचे लावतो. मी सांगितलं आमच्याकडे पहिलं फूल खुडतात, तो म्हणाला छे छे. चारला बेलिफ आला, घरी जा, पण फोन जवळ ठेवा, अर्ध्या तासात येता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लार्कचा फोन. निकाल लागला, तुम्ही मोकळ्या. काय लागला विचारलं तर सांगितलं: नशेच्या अमलाखाली गाडी चालवल्याचा पहिला आरोप, निर्दोष. ०.०८ किंवा जास्त, हा दुसरा आरोप, दोषी.
मी भाजी चिरत होते, फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. मी मनात दोन्हींत निर्दोष ठरवलं होतं. माझ्यापुरता त्या दुसऱ्यात संशय होता.

हिंगाचा_खडा
अगं! म्हणजे बारा जणांतलं कुणी आजारी पडलं असतं आणि तू आत गेली असतीस तर? नवीन माणूस आला की चर्चा पहिल्यापासून करावी लागते ना.

शेवंतीची_वेणी
हो, तेच. एकमत लागतं. मी अडून बसले असते तर निकालच लागला नसता.

डेक्कन_क्वीन_२
बघा, म्हटलं ना लॉटरी. एका सर्दीवर माणसाचा रेकॉर्ड.

लंडनची_वैनी
आमच्याकडे बराच वेळ एकमत झालं नाही तर जज्ज १० विरुद्ध २ चालेल म्हणतात. मी यापुढे काही बोलणार नाही.

दादरकर_वकील
शेवंतीताई, अवघड प्रश्न विचारतो. अकरा जण समोर बसून "अहो, आकडा ०.०९ आहे" म्हणाले असते, शुक्रवारची दुपार असती, तर अडून बसला असतात? वकिलीत चाळीस वर्षं गेली, मला स्वतःचं उत्तर खात्रीने देता येत नाही.

शेवंतीची_वेणी
काका, गेले चार दिवस हेच चाललंय डोक्यात. रात्री वाटतं नक्की बसले असते. सकाळी वाटतं त्यांनी आत काहीतरी असं बोललं असेल जे मला सुचलंच नाही, आणि मीही मान डोलावली असती. सासूबाईंना ती टिकणाऱ्या खात्रीची गोष्ट समजावून सांगितली, रात्री झोपताना वाटतं ते सकाळी उठल्यावरही वाटलं पाहिजे म्हणून. त्या म्हणाल्या एवढी खात्री तर मला लग्नाच्या वेळीपण नव्हती. सासरे पेपर वाचत होते, वरही बघितलं नाही.
वही पण नाही राहिली, नोट्स काढून घेतात आणि फाडून टाकतात. आता परत आकडेमोड करायची म्हटलं तरी तो शेवटचा ग्लास नक्की किती वाजता म्हणाला होता ते आठवत नाही, सव्वाअकरा की साडेअकरा.

टवाळ_पोपट
चिवडा संपला. टोमॅटोचं पहिलं फूल खुडायचं की नाही ते तरी सांगा.

शेवंतीची_वेणी
खुडायचं. पोस्टमन काहीही म्हणू दे.